फर्गेट-मी-नॉट आणि धुऱ्यावरचे त्याचे सगेसोयरे

फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ झाला की शाळेत वह्यांची देवघेव सुरू होते. मोबाइल हाती आले तरी ही प्रथा मोडलेली नाही. जाड पुठ्ठ्याची एक वही घ्यायची, तिच्यात मैत्रिणींनी आवडता रंग, आवडता विषय, आवडते सर लिहायचे आणि पानाच्या शेवटी एखादे चित्र काढायचे. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव लागते. तेथील आठवीतल्या एका मुलीने आपल्या ताईची अशी वही आम्हाला दाखवली. निम्म्याहून अधिक पानांवर एकच फूल होते. निळ्या पाच पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका आणि खाली देवनागरीत 'फर्गेट मी नॉट'. भेटकार्डावरून एकीने उतरवले, तिच्यावरून बाकीच्यांनी.

मुलीने आम्हाला एका दमात तीन प्रश्न विचारले. "सर, हे फूल खरोखर असते का? आपल्या इकडं येते का? अन् ते 'विसरू नको' म्हनते, हे कोनं ठरवलं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले. दुसऱ्यासाठी पावसाळा येईपर्यंत थांबावे लागले. तिसऱ्याला आम्ही थोडे टाळले, कारण तोच सर्वांत अवघड होता. तेव्हा सगळ्यांची उत्तरे आता सवडीने पाहू या.

उंदराचा कान, विंचवाची नांगी

फूल खरोखर असते. त्याचे शास्त्रीय नाव मायोसोटिस. ग्रीक भाषेत याचा अर्थ उंदराचा कान. पाने लहान, लांबट आणि लवदार असतात म्हणून हे नाव. मायोसोटिसच्या अनेक जाती आहेत. युरोपात त्या ओढ्याकाठी आणि ओलसर कुरणांत सहज उगवतात. भारतात पाहायच्या तर काश्मीर-हिमाचलाच्या थंड उंचीवर जावे लागेल. फूल चित्रातल्यापेक्षा पुष्कळ लहान, सेंटिमीटरभरही रुंद नसलेले. कळी गुलाबीसर असते आणि उमलताना निळी होते. मधोमध पिवळे कडे असते. या कड्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता नावाचे पाहू. जर्मन दंतकथा अशी की डॅन्यूब नदीच्या काठाने एक तरुण सरदार आपल्या प्रेयसीबरोबर चालला होता. काठावरची निळी फुले तोडायला तो वाकला, पाय घसरला, अंगावरच्या जड चिलखतामुळे पोहता येईना. बुडता बुडता त्याने फुले काठावर फेकली आणि म्हणाला, मला विसरू नकोस. त्याचेच शब्द फुलाचे नाव झाले. कथा करुण आहे, पण विचार केला तर लक्षात येते की ती नावामागून आलेली असणार. नाव आधी रूढ होते आणि मग त्याचा खुलासा करणारी गोष्ट तयार होते. आपल्याकडे गावांच्या नावांच्या कितीतरी कथा अशाच जन्मलेल्या आहेत.

याला पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत 'फर्गेट-मी-नॉट' हे नाव पुष्कळदा वेगळ्याच वनस्पतीला दिलेले आढळते. ती तुळशीच्या कुळातली, पिवळ्या फुलांची, ग्राउंड पाइन नावाची लहान वनस्पती. तिला हे नाव का? तर तिची चव तोंडात इतकी वाईट रेंगाळते की खाणारा तिला विसरत नाही! आज ज्याला आपण फर्गेट-मी-नॉट म्हणतो त्या निळ्या फुलाला त्या काळचे इंग्रज 'विंचूगवत' म्हणत. कारण त्याची फुले ज्या देठावर येतात तो देठ टोकाशी आत वळलेला असतो, नांगी वर केलेल्या विंचवासारखा. युरोपात तेव्हा अशी समजूत होती की वनस्पतीचा आकार तिचा उपयोग सांगतो. म्हणून विंचूगवत विंचवाच्या दंशावर लावत. विंचू उतरत नसे तो भाग वेगळा. ओढ्याकाठच्या जातीचे शास्त्रीय नाव आजही मायोसोटिस स्कॉर्पिऑयडिस, म्हणजे विंचवासारखी मायोसोटिस, असे आहे.

म्हणजे एकाच रोपात एकाला उंदराचा कान दिसला, दुसऱ्याला विंचू आणि तिसऱ्याला बुडणारा प्रियकर. रोप बिचारे तेच.

कोणी कोणाला विसरू नये?

तरीही फुलाचा हा अर्थ पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही. माणसांनी त्याच्यावर फार मोठी ओझी ठेवली आहेत.

१३९८ साली इंग्लंडमधल्या हेन्री नावाच्या सरदाराला राजाने हद्दपार केले. त्याने 'माझे स्मरण असू द्या' अशा अर्थाचे बोधवाक्य आणि हे फूल आपले चिन्ह म्हणून वापरले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी तो परतला आणि राजाला खाली खेचून स्वतः चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला. येथे फुलाचे म्हणणे प्रेमाचे नसून राजकारणाचे आहे.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड हे बेट आहे. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या ब्यूमाँ-हामेल या गावाजवळ तिथली एक पलटण सकाळी चढाईला निघाली. सुमारे ८०० माणसे होती. अर्ध्या तासात सारे आटोपले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा ६८ जणांनी 'हजर' म्हटले. न्यूफाउंडलंडमध्ये १ जुलै हा तेव्हापासून स्मरणदिन आहे आणि त्या दिवशी लोक छातीवर हे निळे फूल लावतात. अलास्काने १९१७ मध्ये ते आपले प्रादेशिक फूल म्हणून स्वीकारले. तिथे ते शोकाचे चिन्ह नाही, बर्फ वितळल्यावर उमलणाऱ्या रानाचे आहे. २०१५ साली आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या हत्याकांडाला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्या स्मरणवर्षाचे बोधचिन्ह म्हणून जांभळे फर्गेट-मी-नॉट निवडले गेले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या काही परदेशी संस्थाही हेच फूल वापरतात. तिथे त्याचे बोलणे अगदी उलट्या दिशेने होते. जो विसरत चालला आहे, त्याला इतरांनी विसरू नये.

हा सगळा अर्थ फुलाच्या नावात आहे. जर्मन, डच, रशियन, चिनी, जपानी अशा कितीतरी भाषांत त्या नावाचे भाषांतरच झाले, म्हणून अर्थही त्याच्याबरोबर सगळीकडे गेला. नाव नुसते 'विंचूगवत' राहिले असते तर कोणत्या सैनिकाच्या स्मरणार्थ ते छातीवर चढले असते? तेव्हा मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे की, माणसांनी ठरवले, आणि प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी आपापल्या गरजेप्रमाणे ठरवले.

एका शिक्षकाने वाचलेली खूण

उरलेले अर्धे उत्तर देण्यासाठी आपल्याला बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावातल्या एका शाळेत जावे लागेल. क्रिस्टियन कोनराड श्प्रेंगल हे तिथले मुख्याध्यापक. १७८७ च्या उन्हाळ्यात त्यांनी रानातल्या जिरेनियमच्या फुलात पाकळ्यांच्या तळाशी बारीक केस पाहिले आणि त्यांना वाटले, हे उगीच नसणार. आतल्या मधात पावसाचे पाणी शिरू नये म्हणून असतील. पुढच्या वर्षी त्यांच्या हाती फर्गेट-मी-नॉट आले. मधाचे रक्षण इथेही होतेच. पण निळ्या पाकळ्यांच्या मधोमध, बरोबर मधाच्या नळीच्या तोंडाशी, पिवळे कडे कशासाठी? श्प्रेंगल यांनी स्वतःला विचारले, ही किटकासाठी केलेली खूण तर नसेल? 'दार इकडे आहे' असे सांगणारी?

एवढ्या एका प्रश्नावरून त्यांनी शेकडो फुले तपासली. १७९३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. फुलांचे रंग, वास, ठिपके, रेषा या गोष्टी माणसाच्या डोळ्यांसाठी नसून परागकण नेणाऱ्या किटकांसाठी आहेत, असे त्यात उदाहरणांसह मांडले होते. आज आपण फुलांवरच्या अशा खुणांना मधुखुणा म्हणतो आणि नववी-दहावीत सहज शिकवतो. तेव्हा मात्र ते कोणाला पटले नाही. स्वतः गटे या थोर कवीलाही निसर्गाबद्दल असा हिशेबी विचार रुचला नाही. श्प्रेंगल यांची नोकरी १७९४ मध्ये गेली. शाळेकडे दुर्लक्ष करून फुलांच्या मागे फिरतात, हीही एक तक्रार होती. (वाचक शिक्षकांनी याची योग्य ती नोंद घ्यावी!) १८१६ मध्ये ते वारले, तेव्हा पुस्तक विस्मृतीत गेले होते. पुढे १८४१ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी ते वाचले आणि त्याचे मोल जगाला सांगितले. फर्गेट-मी-नॉटवरून सुचलेले पुस्तकच जग विसरले होते, हा योगायोग आम्हाला गंमतीचा वाटतो.

पिवळ्या कड्याची गोष्ट इथे संपत नाही. ताज्या फुलात ते ठसठशीत पिवळे असते. फूल जुने झाले की फिके, पांढरट होते. बाकीचे फूल मात्र निळेच राहते. मधमाशीला निळा आणि पिवळा हे दोन्ही रंग चांगले दिसतात, आणि कोणत्या खुणेच्या फुलात मध मिळतो हे ती लवकर शिकते. दुरून तिला निळ्या फुलांचा झुबका दिसतो. जवळ आल्यावर कडे सांगते, या घरी काही आहे, त्या घरी नाही. माशीची फेरी वाया जात नाही आणि परागही जिथे हवे तिथेच पोचतात. १९९१ मध्ये मार्था वाइस या अमेरिकन संशोधिकेने दाखवले की परागणाच्या खुणेसाठी रंग बदलणारी फुले निदान ७४ कुळांत आढळतात.

माणसाने फुलावर ठेवलेला अर्थ आणि फुलाने किटकाला दिलेली खूण यांत फरक आहे तो इथे. पहिला अर्थ पटवून घ्यायचा असतो. तो चूक की बरोबर असा प्रश्न त्याला लागू होत नाही. दुसरा तपासता येतो. कडे झाकले, रंगवले किंवा कापून काढले तर माशी चुकते का? हे विचारता येते आणि उत्तरही मिळते.

वडनेरच्या मुलांना फर्गेट-मी-नॉट कोठून देणार? पण त्याची गरज नव्हती. पांदणीच्या दोन्ही बाजूंना घाणेरी माजलेली होती. तिला टणटणी किंवा रायमुनियाही म्हणतात. मूळची अमेरिकेतली, आता आपल्या डोक्यावर बसलेली. तिच्या रंगीत गुच्छात आतली फुले पिवळी आणि कडेची गुलाबी-लाल असतात. फूल उमलते तेव्हा पिवळे असते, मग नारिंगी होते आणि नंतर लालसर. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर यांनी १८७७ मध्ये लिहिले होते की फुलपाखरे तिथे मुख्यतः पिवळ्या फुलांतच सोंड घालतात. जुनी फुले गळून न पडता तशीच राहतात, कारण त्यामुळे गुच्छ दुरून मोठा दिसतो. दिल्ली विद्यापीठातल्या माथूर आणि मोहन राम यांनी १९७८ मध्ये दाखवले की तिच्या फुलांत वावरणारे फुलकिडेही पिवळ्या रंगाकडेच ओढले जातात.

हा प्रयोग वर्गाला करता येतो. पिवळ्या फुलांच्या गुच्छांना रंगीत दोरा बांधायचा आणि तीन दिवस रोज एकाच वेळी रंग टिपायचे. मग सकाळी अर्धा तास एका झुडपासमोर बसायचे आणि फुलपाखराने कोणत्या रंगाच्या फुलात सोंड घातली त्याच्या काठ्या मांडायच्या. एक चूक हमखास होते, ती आमच्याकडेही झाली. मुले भेटी मोजतात, पण त्या झुडपावर एकूण पिवळी किती आणि लाल किती हे मोजायचे विसरतात. लाल फुले दुप्पट असतील तर नुसत्या योगायोगानेही लालवर दुप्पट भेटी व्हायला हव्यात. दोन्ही आकडे हाती असतील तरच तुलना खरी.

कळीचा गुलाबी रंग निळा का होतो, हेही मुलांनी विचारले. पाकळीच्या पेशींत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये असतात आणि त्यांचा रंग पेशीरस किती आम्ल आहे यावर बदलतो. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्यात लिंबू पिळले की पाणी जांभळे-गुलाबी होते. फुलात हेच आतल्या आत घडू शकते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये निळ्या मॉर्निंग ग्लोरीच्या पाकळ्यांत सूक्ष्म विद्युतअग्र घालून मोजले, तेव्हा कळीत पीएच ६.६ आणि उमललेल्या फुलात ७.७ आढळला. लाल कळी आणि निळे फूल यांत एवढाच फरक.

आपल्या इकडे येते का?

सप्टेंबरात आम्ही पुन्हा वडनेरला गेलो. सोयाबीन शेंगांवर आली होती, पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती. काळ्या मातीत पाय रुतत होते. फर्गेट-मी-नॉट या पूर्णाकाठच्या उष्ण प्रदेशात येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्याचे सगेसोयरे येतात, आणि ओळखायच्या खुणा मुलांना सांगून ठेवल्या होत्या: खरखरीत केसाळ पाने, टोकाशी वळलेला फुलांचा देठ, पाच पाकळ्यांचे लहान फूल आणि बऱ्याचदा फुलामागे चार दाणे.

पहिली सापडली भुरुंडी, नाल्याच्या आटत्या काठावर. सुरकुतलेली पाने आणि फिकट जांभळट फुलांची वळलेली रांग. संस्कृतात हिला हस्तिशुंडी म्हणतात. म्हणजे युरोपियनांना ज्या वळणात विंचवाची नांगी दिसली, त्याच वळणात आपल्या लोकांना हत्तीची सोंड दिसली! फुले खालून वर उमलत जातात तसतशी सोंड उलगडते.

भुरुंडीत यकृताला घातक अशी अल्कलॉइडे असतात. अफगाणिस्तानात १९७० च्या दशकात हिच्याच एका बहिणीचे बी गव्हात मिसळले गेले आणि अनेक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. म्हणून 'आजीचा पाला' समजून ही कुळी चघळू नये, हे मुलांना आम्ही बजावले. पण तेच विष फुलपाखरांना हवे असते. रुईवर वाढणाऱ्या केशरी फुलपाखरांचे आणि त्यांच्या जातभाईंचे नर वाळलेल्या भुरुंडीवर जमतात, तिच्यातली रसायने शोषतात आणि त्यांपासून मादीला मोहवणारा गंध बनवतात. उपटलेली भुरुंडी दोन दिवस कुंपणावर सुकत टांगून ठेवा, फुलपाखरे आली तर कोणती ते पाहा.

धुऱ्यावर, तुरीच्या ओळीलगत, छोटा कल्पा मिळाला. गुडघ्याएवढे केसाळ झुडूप. फुले फिकट निळी, पुढे गुलाबीसर पांढरी होणारी, आणि सगळी मान खाली घालून उभी. याचे संस्कृत नाव अधःपुष्पी, खाली पाहणाऱ्या फुलांची. खाली बसून, मान वाकडी करून आत डोकावले तर पुंकेसरांच्या पिळदार टोकांचा सुळका दिसतो. मुली म्हणाल्या, हेच ते, कार्डावरचे. ते नव्हते, पण घरातले जवळचे माणूस नक्कीच होते. ज्याच्या वावरात ते उभे होते ते काका आमच्याकडे पाहून हसले. त्यांच्या लेखी ते तण, आणि निंदणीतून कसे राहिले याचेच त्यांना नवल.

झाडांतही नातलग आहेत. लोणच्याचे भोकर त्यांपैकी एक. दुसरे दत्रंग. भोकर, भुरुंडी, दत्रंग आणि फर्गेट-मी-नॉट ही सारी एका कुळात पूर्वापार घातली जात. २०१६ मध्ये या गटाच्या तज्ज्ञांनी त्यांची वेगवेगळी कुळे केली, तर त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या मान्यवर वर्गीकरणाने ती एकत्रच ठेवली. भाऊ वेगळे राहायला लागले तरी भाऊबंदकी सुटत नाही, असे समजा.

दत्रंगाचे दुसरे नाव ऐकल्यावर मुले थबकली. अजानवृक्ष! आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीजवळचा अजानवृक्ष तो हाच. समाधी शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६ ची. सुमारे तीन शतकांनी एकनाथ महाराजांना दृष्टांत झाला, की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. एकनाथ आळंदीला गेले. पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली. आजही भाविक त्या झाडाच्या सावलीत पारायणाला बसतात. दृष्टांताची कथा ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिची शहानिशा करायला आपण बसलेलो नाही. पण तिच्यात जे घडते ते पाहा. लोकांना विसर पडलेला एक जण झाडाच्या मुळीच्या रूपाने आठवण करून देतो. डॅन्यूबच्या काठी फुलाने जे केले, ते इंद्रायणीच्या काठी त्याच्याच नात्यातल्या झाडाने केले. यात वनस्पतिशास्त्राचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पण वर्गात सांगायला असा योगायोग आम्हाला तरी फार आवडतो.

बाटलीतली आठवण

परतताना मुरमाड चढावर जमिनीला चिकटलेले एक फूल दिसले. निळे, पाच कोनांचे, नखाएवढे. या कुळाशी त्याचे नाते नाही. ते गारवेलीच्या कुळातले, विष्णुक्रांता. सकाळी उमलते, दुपार झाली की मिटते. एक मुलगी म्हणाली, "सर, हे तं शंखपुष्पी. आईनं ताईसाठी बाटली आणली होती, परीक्षेच्या आधी. आठवण राहते म्हने."

चरकसंहितेत बुद्धी आणि स्मृती वाढवणारी म्हणून चार औषधे सांगितली आहेत: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांत शंखपुष्पी श्रेष्ठ म्हटली आहे. पण शंखपुष्पी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर एकमत नाही. शासनमान्य आयुर्वेदिक औषधकोशाने पांढऱ्या-गुलाबीसर फुलांची, शंखासारखी दिसणारी जमिनीवरची वेल धरली आहे. पुष्कळ ठिकाणी निळी विष्णुक्रांता वापरतात, केरळात गोकर्ण. तिन्हींतली रसायने एक नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही आशादायक निष्कर्ष मिळाले आहेत, पण निरोगी विद्यार्थ्यांच्या पाठांतरावर परिणाम होतो असे म्हणण्याजोग्या मोठ्या, काटेकोर चाचण्या झालेल्या नाहीत. पालक मात्र फेब्रुवारीत बाटली घेतातच. काही घरांत ती घेण्यासाठी दुसरा खर्च मागे पडतो. निळ्या फुलाचे आठवणीशी नाते जोडण्याची हौस युरोपियनांनाच होती असे नाही. फक्त त्यांनी ते कार्डावर छापले आणि आपण बाटलीवर.

आम्ही मुलीला एवढेच म्हटले की, बाटलीवरचे बारीक अक्षर वाच, त्यात कोणत्या वनस्पतीचे नाव आहे ते वहीत उतरवून आण. तिने आणले. नाव नुसते 'शंखपुष्पी' असे होते.

दिवाळीच्या आसपास तिने खामगावला शिकायला गेलेल्या ताईला पत्रातून एक फूल पाठवले. छोटा कल्पा, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला, खाली धुऱ्याचे ठिकाण आणि तारीख. वाळताना निळा रंग उडाला आणि ताईला मिळाले ते तपकिरी, कागदासारखे काहीतरी. पण त्याच फांदीवर एक पिकलेले फळ होते, आणि पाकिटाच्या घडीत त्याचे चार खरबरीत दाणे सुटून पडले होते. ताईने फोन करून विचारले, "फूल कळलं, पन हे दाने कायचे?"